हळदीचे फोटो आणि फुकटचं अ‍ॅप

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "भाभी, कामाचे अनुभव लिहा." म्हटलं, लिहिते. मग म्हणाले, "सोबत तुमचा एक छानसा फोटो पाठवा." झालं, माझं डोकं सणकलं. फोटो कशाला? कुठं ठेवणार? काम झाल्यावर त्याचं काय करणार? संपादक हसायलाच लागले. "अहो, तुम्ही स्वतः फोटोग्राफर ना?" म्हटलं, म्हणूनच तर विचारतेय. हलवायाला विचारा, तो बाहेरची बर्फी खातो का. तेव्हा या लेखाबरोबर माझा फोटो नाही, छपाईची चूक समजू नका.

मी नगरची. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, तोंडात अजून नगरच येतं. आमच्या ह्यांचा जुना फोटो स्टुडिओ. आमच्या समाजात लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. त्यामुळे हे पुरुषांची बाजू काढायचे आणि जनाना कोरडाच राहायचा. नवरी दिवसभर सजून बसायची, आणि तिचा फोटो निघायचा तो गाडीत बसताना, बुरख्यातला. एका नवरीच्या आईनं शेवटी ह्यांना झापलं, "मग तुमच्या बायकोला शिकवा की! का तिला हात नाहीत?" ह्यांनी शिकवलं. पहिल्या लग्नात मी निम्म्या पाहुण्यांची डोकी कापली, पण नवरी मात्र अशी आली की तिची आई अल्बम छातीशी धरून रडली. पुढं हिंदू घरांतूनही बोलावणी यायला लागली. हळद, डोहाळजेवण, जिथं बायकांना मोकळं व्हायचं असतं तिथं भाभी.

बाहेरच्यांना हा धंदा म्हणजे बटण दाबणं वाटतं. ते कॅमेरा करतो. आमचं काम म्हणजे भरवसा. बायका माझ्यासमोर पदर खाली टाकतात, केस सोडतात, अंगाला हळद फासून वेड्यासारख्या नाचतात. ते फोटो म्हणजे माझ्याकडं अमानत, भरवशानं सांभाळायला दिलेली ठेव. रोलच्या जमान्यात मी तो धुवायला टाकून कधी घरी आले नाही. लॅबच्या मशीनजवळ उभी राहायचे. लॅबवाला वैतागायचा, "भाभी, मी काय तुमची नवरी पळवून नेतो का?" म्हटलं, तू नाही नेणार बाबा, पण एक प्रिंट जास्तीची निघाली तर? निगेटिव्ह नवरीच्या आईच्या हातात ठेवलं की विषय संपायचा. आमच्या दुकानाच्या काचेत आजही फक्त बाळं आणि पैलवान आहेत, बाई एक नाही.

आमचे हे म्हणतात, "तुझ्या डोळ्यात पोलीस चौकी आहे." असू दे. एकदा एक बाई नणंदेचा फोटो मागायला आल्या, स्थळाला दाखवायला म्हणून, आणि नणंदेला त्याचा पत्ताच नाही. मी सांगितलं, रोलला उजेड लागला. एका साहेबांना बायकोच्या मैत्रिणीचा तेवढा फोटो मोठा करून हवा होता. त्यांना मी बायकोला घेऊन या म्हटलं, ते अजून यायचेत. या सगळ्यातून मी एक शिकले. माणूस स्वतः ज्यात नाही असा फोटो मागायला आला की फोटो बाजूला ठेवायचा आणि आधी माणसाकडं बघायचं.

मग रोल गेले, कॉम्प्युटर आला, आणि आता हा फुकटचा बाजार. फुकटचं ते पौष्टिक म्हणतात. मला विचाराल तर फुकटच्याइतकं महाग काही नाही. एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, तर त्यानं नवरीच्या कपाळावर, बरोबर बिंदीच्या जागी, आपल्या कंपनीचा शिक्का मारला. दुसऱ्यानं महिनाभर गोड गोड काम केलं आणि ऐन सीझनमध्ये सगळे फोटो कुलपात घालून बसलं, आधी पैसे भरा म्हणे. तिसऱ्यात 'सौंदर्य' नावाचं बटण. ते दाबलं की सावळी पोर चुना फासल्यासारखी पांढरी, नाक बारीक, हनुवटी टोकदार. एकाच घरातल्या चार जावा त्यातून काढल्या तर चारही एकाच आईच्या पोटच्या दिसायला लागल्या. त्यांच्या सासूला विचारलं, यातली धाकटी कोणती? तिला सांगता येईना. मी ते बटण पुन्हा दाबणार नाही म्हणून कानाला खडा लावला.

आणि फोटो लावून ठेवणारी सॉफ्टवेअरं! आपण सांगितलेलं नसताना ती चेहऱ्यांचे गठ्ठे करतात आणि वर आपल्यालाच विचारतात, 'ही तीच व्यक्ती आहे का? हो की नाही?' दिवसभर तेच. एकदा नवरीच्या मागं वाळत घातलेल्या रगावरचा वाघ दाखवून मला विचारलं, 'हे कोण आहेत?' आमचे हे म्हणाले, "लिही, मामा." मी हसले, पण मनात आलं, हे मेलं एवढी चौकशी कुणासाठी करतंय? चेहऱ्यांचा हिशोब ठेवून त्याला काय करायचंय?

ते मला कळलं कोपरगावच्या एका लग्नात.

नवरीचा भाऊ प्रशांत. पोरगा चांगला, हसतमुख, पण सगळी घाई. त्यानं माझा लॅपटॉप ओढला आणि त्यात काहीतरी घातलं. "भाभी, हे अ‍ॅप. तुम्ही कार्ड घातलं की फोटो आपोआप वर जाणार. पाहुण्यांनी मोबाईलवर हा चौकोन स्कॅन करायचा, स्वतःचा चेहरा दाखवायचा, की त्यांचे सगळे फोटो त्यांना. तुम्हाला कुणाला काही पाठवायला नको."

"आणि याचे पैसे?"

"फुकट आहे, भाभी!"

फुकट म्हटल्यावर मी लॅपटॉप परत ओढणारच होते. पण लग्नघर त्यांचं आणि पोरगा हौसेनं करतोय. मी एवढंच म्हटलं, हळदीचे फोटो मी लॅपटॉपमध्ये वेगळ्या फोल्डरात ठेवीन. तो हो म्हणाला आणि पळाला.

हळद बायकांचीच होती, वरच्या हॉलमध्ये. सकाळी मी दाराशी नवरीच्या आईचे फोटो काढत होते, येणारीला ती कुंकू लावत होती. मागं एक पिवळी शाळेची व्हॅन थांबली आणि कडेवर पोरगी घेऊन एक बाई उतरली. मी तिला लगेच ओळखलं. सुवर्णा. सोनईला तिचं लग्न मीच काढलं होतं. नवरीच्या आईची ती भाची. मला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तिनं मला जिन्याखाली ओढलं.

"भाभी, माझा फोटो कुटं जाऊ देऊ नका. मी वरसापास्नं घरी न्हाई. सुप्याला असते, कंपनीत काम करते. मावशीशिवाय कुनाला ठाव न्हाई."

"काय झालं गं?"

तिनं बाही वर केली. मनगटाच्या वर हाड वाकडं जुळलं होतं. "ह्याचं मला काय न्हाई आता. पन मागं एकदा नवऱ्यानं पोरीला उचलून त्याच्या भनीकडं डांबून ठिवली हुती. तोंड दावलं न्हाई मला किती दिस. आता घावली तर परत न्हाई मिळायची." पोरगी, ईश्वरी, माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा ओढत होती. सुवर्णा म्हणाली, "फोटो तुमी काढनार म्हनली मावशी, म्हनून आले बघा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, जा, नाच पोटभर. ती नाचलीही. मी कॅमेरा तिच्यापासून फिरवत होते, पण हळदीत कोण कुठून मध्ये येईल सांगता येत नाही. संध्याकाळी ती त्याच व्हॅननं परत गेली. तिच्या घरमालकिणीची व्हॅन ती. दुसऱ्या दिवशी लग्नाला तिचा नवरा येणार होता. तो आलाही, आणि त्यानं मला नमस्कारसुद्धा केला.

नगरला आल्यावर पहिलं काम म्हणजे कार्ड लावलं, सुवर्णा जिथं जिथं दिसली ते फोटो लॅपटॉपवरून काढून टाकले आणि निवांत चहा प्यायले. चार-आठ दिवस गेले. एका दुपारी दुकानात अंकुश उभा. सुवर्णाचा नवरा. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

"वळखलं का भाभी? आमचं लगीन तुमीच काढल्यालं."

"ओळखलं की. बसा."

"आल्बमला पानी लागलं बघा. निस्ता लगदा झाला. म्हनलं, भाभींकडं असंलच."

अल्बम खराब झालेली माणसं मी खूप बघितलीत. त्यांना आजोबांबरोबरचा हवा असतो, वडील गेले असतील तर वडिलांचा, सप्तपदीचा. मी विचारलं, कोणता देऊ? तो म्हणाला, "तसं काय न्हाई. नवरीचा एक. समोरून. त्वांड सपष्ट पायजे."

"दोघांचा देते की. हार घातलेला, छान आहे."

"न्हाई न्हाई, दोघांचा नगं. तिचाच. मुंडावळ्या नसल्या तर लई बरं."

बायकोचा मुंडावळ्यांशिवायचा फोटो मागणारा नवरदेव मी जन्मात पहिल्यांदा बघितला. माझ्या डोळ्यातली चौकी जागी झाली. "सुवर्णा कशी आहे?" मी विचारलं. "बरी हाय की. म्हायेरी गेलीया जरा." डोळ्याचं पातंही लवलं नाही.

"अरेरे, हार्ड डिस्क बिघडलीय हो. पुण्याला दिलीय दुरुस्तीला." गल्ल्यावर बसलेल्या ह्यांनी तोंड उघडलं, "अगं, काल तर..." मी काउंटरखाली त्यांच्या पायावर असा पाय दिला की पुढचं वाक्य गिळलंच त्यांनी. अंकुश परत येतो म्हणून गेला. पेढे ह्यांनी खाल्ले, मी हात लावला नाही.

पण समोरून चेहरा त्याला कशाला हवा असेल? पोलिसात द्यायला? मग तसं सांगितलं असतं. मी प्रशांतला फोन लावला, फोटो आवडले का म्हणून. तो खुशीत होता. "एक नंबर, भाभी! सगळ्यांना आपापले मिळाले. आमचे अंकुशदाजी पण विचारत होते, दुसऱ्या कुणाचा चेहरा दाखवला तर त्याचे फोटो येतात का. म्हटलं, बघा प्रयत्न करून, येत असतील."

"हळदीचेही गेलेत का रे त्यात?"

"कार्डात जे होतं ते सगळंच गेलं की. आपोआप."

 लॅपटॉपवरून काढले म्हणजे गेले असं मी समजून चालले होते. वर गेलेले वरच होते. मी म्हटलं, प्रशांत, त्यातले काही फोटो काढून टाक बाबा. तो म्हणाला, "फुकटच्या प्लॅनमध्ये एकेक काढता येत नाही भाभी, काढला तर अख्खा अल्बम जातो. पण का हो? कुणाचे?" क्षणभर वाटलं, सांगावं. पण हा पोरगा दाजी दाजी करणारा. दोघांचं जुळावं म्हणून चांगुलपणानंच सगळं सांगून मोकळा झाला असता. म्हटलं, काही नाही, माझेच दोनचार आलेत वेडेवाकडे.

मग मी डिस्कमधून सुवर्णाच्या लग्नातला एक फोटो काढला, छापला, आणि प्रशांतनं दिलेला चौकोन स्कॅन करून तो कागद मोबाईलपुढं धरला. ते चक्र फिरलं. आणि एकामागून एक सुवर्णा आली. नाचणारी, नवरीला हळद लावणारी, ताट घेऊन जाणारी, पाठमोरी असूनसुद्धा अर्ध्या गालावरून ओळखलेली. मधली सगळी वर्षं, वाळलेला चेहरा, डोळ्यांखालचं काळं, कशानं म्हणून ते फसलं नाही. आणि शेवटी दाराजवळचा फोटो. कडेवर ईश्वरी, आणि मागं व्हॅनवर शाळेचं नाव आणि मोठ्या अक्षरात 'सुपा'.

तौबा! मीच काढलेल्या नवरीच्या फोटोनं तिचा माग काढायचा, आणि तोही मीच काढलेल्या हळदीच्या फोटोंतून. मला इतका राग आला की लॅपटॉप उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला. ह्यांना सगळं सांगितलं. ते इतकी वर्षं माझ्या संशयाची थट्टा करणारे, उठले आणि म्हणाले, "शटर ओढतो. तू बस कामाला."

अ‍ॅपमध्ये मला काय काय करता येतं ते बघत बसले. फोटो काढून टाकायला पैसे आणि प्रशांतच्या मोबाईलवर येणारा ओटीपीचा नंबर हवा. पण फोटो रंगवायला फुकट! आणि ते नेहमीचे प्रश्न तयारच होते. 'ही तीच व्यक्ती आहे का?' मी दाबलं, नाही. पुढचा. नाही. पुढचा. नाही. माणसाचा चेहरा ओळखण्यावर मी आयुष्यभर पोट भरलं, आणि त्या दुपारी मी एकाच बाईला वीस वेळा नाकारलं. कुठं तिला नवरीची आत्या केलं, कुठं स्वयंपाकीणबाई. मग पुन्हा कागद धरून बघितला. बाकीचे गेले, पण दाराजवळचा फोटो हटेना. तिथं चेहरा स्वच्छ होता. माझंच काम ते, दोष कुणाला देणार?

तेव्हा मला ते मेलं 'सौंदर्य' बटण आठवलं. याही अ‍ॅपात होतंच. दाबलं. सगळी मापं शेवटपर्यंत ओढली. सुवर्णा पांढरी झाली, नाक बारीक झालं, गाल आत गेले, डोळे बाहुलीसारखे मोठे. ईश्वरीलाही तेच केलं, लेकराला बघवेना. व्हॅनवरचं 'सुपा' पिवळ्या रंगानं बुजवलं, ते मात्र हातानं, नीट. जुन्यावरच जतन केलं. कागद मोबाईलपुढं धरला. चक्र फिरलं, फिरलं, आणि आलं, 'एकही फोटो सापडला नाही.'

अंकुश पुन्हा आला तो पेढ्यांशिवाय. नात्यातल्या कुणाच्या तरी बारशातला सुवर्णाचा फोटो मिळवला होता त्यानं. मोबाईल काउंटरवर आपटला.

"भाभी, ह्ये तुमचं अ‍ॅप चालत न्हाई. कवाधरनं बघतोय. मला पक्कं कळलंय, ती हळदीला हुती."

त्यानं माझ्यासमोर करून दाखवलं. चक्र फिरायला लागलं.  पहिल्यांदा काहीच आलं नाही. त्यानं फोटो वाकडा करून धरला, तर एक म्हातारी आली, नवरीची चुलत आजी, तोंडात पुरणपोळी.

"फुकटचं आहे हो ते," मी म्हटलं. "त्याचं काय खरं धरता? मला तर त्यानं रगावरच्या वाघाचं नाव विचारलं होतं."

तो हसला नाही.  "तुमी हुता ना थितं? तुमाला दिसली का?"

"दादा, हळदीत सगळ्याच पिवळ्या. मी कुणाकुणाला ओळखू?"

"आन् ती डिस्क आली का पुन्याहून?"

"आली. पण आत काहीच राहिलं नाही म्हणाले."

तो दारात थांबला, काचेतल्या पैलवानांकडं बघितलं आणि गेला. ह्यांनी मला पाणी आणून दिलं. 

कार्डावर मूळ फोटो अजून होते. मी ते घरच्या प्रिंटरवर छापले, कार्ड पुसलं आणि तिच्या मावशीकडून पत्ता घेऊन पाकीट स्वतः सुप्याला घेऊन गेले. पोस्टावर माझा विश्वास नाही, कुरियरवर तर त्याहून नाही. सुवर्णाला सगळं सांगितलं. ती मटकन बसली. मग म्हणाली, "आल्बमला पानी लागलं म्हनला व्हय? मीच हिरीत टाकला हुता, निघताना." म्हणजे त्या दिवशी तेवढं एक तो खरं बोलला होता.

मी तिला मोबाईलवर तो रंगवलेला फोटो दाखवला. "अगं बया, ही कोन भवानी?" म्हणून ती इतकी हसली की ईश्वरी धावत आली. मग तिनं पाकिटातला खरा काढला, तोच, दाराजवळचा, आणि बराच वेळ बघत राहिली. लेकीबरोबरचा तिच्याकडं हा एकच फोटो. भिंतीवर लावायची सोय नाही. तिनं तो तांदळाच्या डब्यात खाली घातला. मला वाईट वाटलं. फोटो डब्यात घालायला नाही शिकले मी हे काम.

आता ती सुप्याला नाही. कुठं आहे ते मला माहीत आहे, तुम्हाला सांगणार नाही. वरची नावं बदललीत, तेव्हा शोधायच्या भानगडीत पडू नका.

प्रशांतचा अल्बम अजून तसाच वर आहे. अ‍ॅप म्हणे दिवसेंदिवस हुशार होतंय, दर थोड्या दिवसांनी नवं रूप घेतं. म्हणून सकाळी शटर अर्धं उघडलं की मी लोबानाचा धूप लावते, गल्ल्यातून सुवर्णाचा तो नवरीचा फोटो काढते आणि मोबाईलपुढं धरते. चक्र फिरतं. हे झाडू हातात घेऊन तसेच उभे राहतात. 'एकही फोटो सापडला नाही' असं आलं की ते म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह," आणि उरलेलं शटर वर ढकलतात.